होडीचे टाके: तांब्याची तार की केबल टाय?

घरी प्लायवूडची होडी बांधायची एक पद्धत अशी: पॅनेलांच्या कडांना भोकं पाडून ती आधी टाक्यांनी शिवायची, मग सांधे इपॉक्सीने (दोन भाग मिसळले की घट्ट होणारं रेझिन) पक्के करायचे. प्लायची पॅनेलं कापून झाली की कडेला कड शिवायची कशाने, हे ठरवावं लागतं. आपल्या ठाणे-नवी मुंबईत दोन्ही वस्तू हाताशी आहेत. तांब्याची 18 गेजची तार मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मिळते, केबल टाय (वायरी बांधायची प्लास्टिकची दातेरी पट्टी) कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात. पहिलीच होडी असेल तर माझं मत तारेला.

कारण टाय फक्त घट्ट होतो, सैल होत नाही. शिवताना सगळे टाके आधी ढिले ठेवायचे, होडीला पीळ पडलेला नाही ना हे दोन्ही टोकांकडून नजर लावून बघायचं आणि मगच कसायला घ्यायचं. तारेला पकडीने अर्धा पीळ दिला की कड किंचित सरकते. जास्त सरकली तर तेवढाच पीळ उलटा. नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, 6 मिमी प्लाय वाकायला कुरकुरतो, तिथे साधा बारीक टाय दात सोडतो. तार ओढून धरते. भोकही 2 मिमीचं पुरतं. 1960च्या दशकात ब्रिटनमध्ये लोकांनी घरी बांधलेली मिरर डिंगी ही छोटी शिडाची होडी तांब्याच्या तारेनेच शिवलेली असे.

टायचा वेग मात्र खरा. 4 मिमी प्लायची, सौम्य वळणाची कयाक (वल्ह्याची अरुंद होडी) असेल तर खुशाल टाय घ्या. टाक्यांच्या मधेमधे इपॉक्सी लावून ते वाळलं की टाय कापून काढता येतात. चुकून तुकडा राहिलाच तर रंध्याचं पातं खराब होत नाही. तार अडकली तर सोल्डरिंग आयर्नने तापवून ओढावी लागते. सळ्या बांधायची लोखंडी तार आत कधीच ठेवू नका, खाडीच्या हवेत ती गंजणारच.

8 फुटी शीट लांबीला जोडायची असेल तर मागून पट्टी चिकटवणं सोपं, पण तिथे वळण सपाट पडतं. तिरका जोड, म्हणजे दोन्ही कडा उतरत्या तासून एकमेकींवर चिकटवणं, सुरेख बसतो: 6 मिमी प्लायला 48 मिमी उतार. शीट पायरीपायरीने एकावर एक रचून एकदम रंधा मारा. प्लायच्या थरांच्या रेघा सरळ, समांतर दिसल्या की उतार बरोबर आहे.

टाके पॅनेलं जागेवर धरतात, ताकद मात्र आतल्या फिलेटची (सांध्याच्या कोपऱ्यात भरलेली इपॉक्सीची गोलाई) आणि फायबरग्लास टेपची (काचतंतूंच्या कापडाची पट्टी). इथे पॉलिएस्टर रेझिन स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका, लाकडाला ते इपॉक्सीसारखं धरत नाही. ओहोटीला ऐरोली-वाशीकडे होडी चिखलातून, शिंपल्यांवरून ओढावी लागते, म्हणून तळाच्या कडांना बाहेरून टेपचे दोन थर द्या. मे महिन्यात इपॉक्सी थोडं थोडंच कालवा आणि पसरट ट्रेमध्ये ओता, उंच कपात ते तापून लगेच घट्ट होतं. पावसाळ्यात वाळलेल्या थरावर मेणचट साय धरते. ती पाणी आणि घासणीने धुऊन, कोरडं करून मगच पॉलिश पेपर लावा.