दोन सीझन वापरलेलं ईआरपी, साडेतीन स्टार

पावसजवळ आमची हापूसची कलमं आणि पॅकिंग शेड आहे. हिशेबाला एक ईआरपी, म्हणजे माल, विक्री, खर्च सगळं एकत्र नोंदवायचं सॉफ्टवेअर घेतलंय, दोन सीझन वापरून झालं म्हणून लिहितेय.

पहिल्या वर्षी एक पेटी नोंदवायची तर स्क्रीनवर बॅच, वेअरहाऊस, कॉस्ट सेंटर (खर्च कुठल्या विभागाचा ते), एचएसएन (टॅक्ससाठी मालाचा कोड), रकाने संपतच नव्हते, शेडमधली मुलगी एका हाताने पेंढा सारतेय, दुसऱ्या हाताने टॅब वर-खाली करतेय आणि बाहेर वाशी मार्केटची गाडी हॉर्न मारतेय. दोन दिवसांत तिने परत वही काढली आणि बरोबरच केलं तिने.

तक्रार केल्यावर कंपनीने सिंपल मोड चालू करून दिला. चारच रकाने, दिसायला मस्त, पण माप फक्त किलो! अहो आंबा जातो डझनावर, फळाच्या आकाराप्रमाणे पेटी ४ डझनाची, ५ ची, ६ ची, आणि मे महिन्यात कॅनिंगला देतो तो तेवढा किलोवर. रकाना लपवा, काही म्हणणं नाही, पण धंद्याचं मापच काढून टाकलंत तर आम्ही काम कसं करायचं? वाशीहून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब येतो त्यात हमाली, तोलाई, गाडीभाडं कापलेलं असतं, ते सगळं 'इतर' मध्ये ढकलावं लागायचं.

टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा, एफ८ दाबलं की विक्रीचं व्हाउचर समोर, जास्तीचे ऑप्शन एफ१२ च्या आत, लागेल त्याने उघडावेत. मला हेच हवं होतं.

यंदा मात्र सपोर्टचा मुलगा स्वतः येऊन दिवसभर शेडमध्ये बसला, पेट्या भरताना बघितल्या आणि लॉगिन वेगळे करून दिले. शेडला बाग, प्रत, डझन, पेट्या, गाडी एवढंच, त्यातही ५ डझन आधीच भरलेलं येतं, वेगळी पेटी असेल तरच बदलायचं. ताज्या आंब्याला जीएसटी नाही, पल्पला आहे, त्यामुळे टॅक्सचा रकाना शेडमधून गेला, पट्टी आणि खर्चासोबत माझ्याकडे आला. वही आता कपाटात आहे.

दीड स्टार कापला कारण नवीन माप आपल्याला टाकता येत नाही. गिऱ्हाइकाने २ डझनाचे बॉक्स मागितले तर कंपनीला तिकीट (ऑनलाइन विनंती) टाकायचं आणि तीन दिवस थांबायचं, एप्रिलात तीन दिवस थांबतंय कोण, बॉक्स गेले आणि नोंद मागून झाली.