पाइपच्या गॅसला आच नाही म्हणतात, त्याबद्दल: सिलिंडर सोडल्यानंतरचा अनुभव

बडोद्याच्या माणसाला पाइपच्या गॅसचं नवल नाही. जुन्या शहरातल्या कित्येक घरांत तो सत्तरच्या दशकापासून आहे. तेव्हा महानगरपालिकाच तो पुरवायची, त्यामुळे आमच्या माहेरी अजूनही त्याला ‘कॉर्पोरेशनचा गॅस’ म्हणतात. मी सिलिंडर बदलायला शिकले ते लग्नानंतर, वाघोडिया रोडच्या सोसायटीत राहायला आल्यावर. त्या बाजूला तेव्हा लाइन नव्हती. आता आली, आम्ही घेतली, आणि उन्हाळा, पावसाळा, दिवाळी सगळं त्यावर काढून झालंय. ओळखीपाळखीचे लोक सारखे विचारतात, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘पाइपच्या गॅसला आच नाही’. आमच्या सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात निकाल दिला होता: “भाकरी फुगत नाही गं ह्याच्यावर. नुसती वाळते.” आणि त्यांचं चुकत नव्हतं. ज्वाला पिवळसर, आळशी, वर जाऊन डोलणारी. पातेल्यांची बुडं काळी होऊ लागली. कुकरची पहिली शिट्टी व्हायला इतका वेळ लागे की मला वाटलं रिंगच गेली. पण दोष गॅसचा नव्हता, स्टोव्हचा होता, आणि मला या लेखात मुख्यतः एवढंच सांगायचंय.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. पाइपातला म्हणजे बहुतांश मिथेन. एक घनमीटर मिथेनमध्ये जितकी उष्णता, त्याच्या साधारण तिप्पट तेवढ्याच एलपीजीत. शिवाय सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून गॅस ३० मिलीबारच्या दाबाने येतो, घरातल्या पाइपात तो २१ मिलीबारच्या आसपास असतो. म्हणजे तेवढीच आच हवी तर जास्त गॅस सोडायला हवा. तो सोडण्याचं काम करतं जेट. नॉबच्या मागे, मिक्सिंग ट्यूबच्या, म्हणजे गॅसमध्ये हवा मिसळते त्या नळीच्या, तोंडाशी पितळेचा छोटा स्क्रूसारखा तुकडा असतो, त्याच्या मधोमध सुई जेमतेम जाईल एवढं भोक. पीएनजीला, म्हणजे पाइपच्या नैसर्गिक गॅसला, त्या भोकाचं क्षेत्रफळ सुमारे दुप्पट लागतं. व्यास दीडपटीच्या जरा आत.

आता हे करायचे दोन मार्ग. एक, योग्य मापाचं नवीन जेट बसवणं. दुसरा, जुनंच जेट ड्रिलने मोठं करणं. आमच्याकडे स्टोव्ह ‘कन्व्हर्ट’ करायला जो खाजगी कारागीर आला, त्याने दुसरा मार्ग धरला. हातात बारीक ड्रिलची काडी, अंदाजाने दोन फिरक्या, फुंकर मारली, झालं. चारही बर्नर चहा संपायच्या आत. पुढे बऱ्याच दिवसांनी मी ते जेट काढून उजेडात धरून पाहिलं तेव्हा भोक स्पष्ट एका बाजूला कललेलं दिसलं, कडेला पितळेची बारीक चोच राहिलेली. गॅस अशा भोकातून सरळ धारेने निघत नाही, ट्यूबच्या भिंतीवर आपटतो. धार सरळ असली तरच ती बाजूची हवा खेचून आत घेते. हवा कमी पडली की ज्वाला पिवळी, काजळी, आणि आच नाही. भाकरी न फुगण्याचं कारण एवढंसं होतं.

त्यातून सिमचा त्रास वेगळा. नॉब सिमवर फिरवला की गॅस आतल्या आणखी एका बारीक वाटेने येतो. ती वाट एलपीजीच्या हिशेबाने केलेली असते, आणि जेट बदलणारा तिला सहसा हात लावत नाही. परिणाम असा, की दूध सिमवर ठेवलं आणि पंखा जरा जोरात असला की ज्वाला गुपचूप विझायची आणि गॅस चालूच. हे मात्र गंमतीवारी नेऊ नये. आमच्याकडे काही महिने स्वयंपाकघरातला पंखा सिमवर काही असताना बंद, असा नियमच होता. बडोद्याच्या मे महिन्यात हा नियम पाळणं काय असतं ते इथल्या बायकांना सांगायला नको.

शेवटी स्टोव्हच बदलला. पीएनजीसाठी मुळातूनच बनवलेला, आयएस १७१५३ या भारतीय मानकाचा शिक्का असलेला. नेहमीच्या एलपीजी स्टोव्हवर आयएस ४२४६ असतो, दुकानदार दोन्ही एकच म्हणून दाखवतात, तेव्हा नंबर स्वतः वाचा. यामागे आकडेही आहेत. एलपीजी स्टोव्हची औष्णिक कार्यक्षमता मानकाप्रमाणे किमान ६८ टक्के असावी लागते. तोच स्टोव्ह भोक मोठं करून पीएनजीवर चालवला की ती ४० टक्क्यांच्या आसपास येते. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने पीसीआरए या इंधनबचतीचं काम करणाऱ्या संस्थेबरोबर खास पीएनजीसाठी जो स्टोव्ह विकसित केला, त्याची कार्यक्षमता ५५ टक्के सांगतात. म्हणजे कामचलाऊ स्टोव्हवर निम्म्याहून जास्त उष्णता पातेल्याच्या बाजूने निघून जाते आणि बिल मात्र पूर्ण येतं.

नवीन स्टोव्हवर फरक पहिल्याच दिवशी कळला. ज्वाला निळी, आखूड, बर्नरला घट्ट चिकटलेली. सिलिंडरच्या ज्वालेपेक्षा ती थोडी पसरट आणि मऊ वाटते, त्यामुळे लहान बुडाच्या भांड्याखालून बाहेर डोकावते. फोडणीची छोटी कढई मी आता लहान बर्नरवरच ठेवते. भाकरी तव्यावरून थेट आचेवर टाकली की टम्म फुगते. सासूबाईंनी त्यावर काही प्रशस्तिपत्र दिलं नाही, फक्त तक्रार करायच्या थांबल्या. आमच्या घरात याला पसंती समजतात. पुरणपोळी उलट जास्त चांगली होते असं माझं मत आहे, कारण मंद आच खरोखर मंद राहते. लीलो चिवडा, म्हणजे आपला बडोद्याचा बटाट्याचा ओलसर चिवडा, तळायचा तर मात्र मोठ्या बर्नरवरही तेल तापायला सिलिंडरच्या काळापेक्षा वेळ लागतो. तेवढा धीर धरावा लागतो, खोटं कशाला सांगू.

पैशांचं. दर सारखे बदलतात, म्हणून रुपये लिहीत नाही, हिशेब लिहिते. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता म्हणजे साधारण १८ ते १९ घनमीटर पीएनजी. तुमच्या बिलावरचा एका एससीएमचा, म्हणजे एका घनमीटरचा, दर घ्या, करासकट, त्याला १९ ने गुणा आणि सिलिंडरच्या भावाशी ताडून बघा. आमच्याकडे जुन्या स्टोव्हवर हा हिशेब जवळजवळ बरोबरीत सुटत होता, नवीन स्टोव्हवर पाइप स्वस्त पडतो. बिल दोन महिन्यांचं एकदम येतं, तेव्हा आकडा पाहून दचकू नका. मीटरवर काळे आकडे वाचायचे, लाल आकडे दशांश चिन्हानंतरचे. आमच्या शेजारच्या मीनाबेननी लाल आकड्यांसकट रीडिंग कळवलं होतं आणि मग दोन दिवस फोनवर फोन.

सिलिंडरचं काय करायचं, हेही विचारतात. आम्ही एजन्सीत परत केला. सिलिंडर आणि रेग्युलेटर दोन्ही न्यायचे, कनेक्शन घेतानाचं सबस्क्रिप्शन व्हाउचर न्यायचं, ते टर्मिनेशन व्हाउचर, म्हणजे कनेक्शन बंद केल्याचा कागद, देतात आणि अनामत परत मिळते. जुना कागद सापडत नसेल तर आधी तो शोधा, बाकीचं नंतर. आमचा सासऱ्यांच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात निघाला.

सुरक्षेच्या बाबतीत एक सवय मुळापासून बदलावी लागते. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून ओट्याखालच्या कपाटाला खाली जाळी ठेवतात. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. तेव्हा आता वरचा झरोका मोकळा हवा. आमच्या मजल्यावर एकांनी फर्निचर करताना एक्झॉस्टचं भोक प्लायवूडने बंद करून टाकलं होतं, ते उघडायला लावलं. वास दोन्ही गॅसना मुद्दाम मिसळलेला असतो, तो आला तर खिडक्या उघडायच्या आणि कुठलंच बटण दाबायचं नाही, एक्झॉस्टचंसुद्धा. रात्री झोपताना स्टोव्हजवळचा व्हॉल्व्ह बंद करायचा. त्याची दांडी पाइपच्या रेषेत असली की चालू, आडवी असली की बंद. आमच्या मुलाने हे सगळ्यात आधी लक्षात ठेवलं. गावाला जाताना मीटरजवळचाही बंद करतो. साधी रबरी नळी इथे चालत नाही, पोलादी जाळीची नळी लागते, आणि तिलाही मुदत असते.

गॅस गीझर असेल तर त्याचं नुसतं जेट बदलून भागवू नका. पीएनजीचं मॉडेल वेगळं येतं, तेच घ्या, आणि गीझर बाथरूमच्या बाहेर.

पाइप घेण्याचं आमच्याकडचं खरं कारण मात्र आच किंवा पैसे नव्हतंच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा समा भागात तळमजल्यावर राहणाऱ्या नणंदेच्या स्वयंपाकघरात पाणी शिरलं. ती वरच्या मजल्यावरून फोनवर सांगत होती, की सिलिंडर आडवा होऊन फ्रिजला ठोकर मारत फिरतोय. भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो, कारण लोखंड आणि गॅस मिळून तीसेक किलो, आणि तो बाजूला सारतो ते पाणी त्याहून जास्त. नळी तुटली असती तर काय, या विचाराने आमच्या ह्यांनी त्याच महिन्यात ठरवलं, की लाइन आली की पहिला अर्ज आपला.

गैरसोयी आहेत. उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, आम्ही गच्चीवर उंधियू करायचो, स्टोव्ह आणि सिलिंडर दोन्ही वर चढवून. आता ते होत नाही, पाइप कुणी गच्चीवर नेत नाही. गेल्या खेपेला खाली शिजवून पातेली वर नेली आणि दिरांनी ‘यात काय मजा’ म्हणत दोनदा वाढून घेतलं. घरात काही तोडफोड करायची असेल तर पाइपची जागा आधी पक्की करा, नंतर ओटा हलवायचा म्हटलं की पुन्हा अर्ज, पुन्हा पैसे.

आणि जुन्या स्टोव्हबद्दल एक गोष्ट ठासून सांगते. आमच्याकडे कामाला येणाऱ्या सविताबेननी तो मागितला होता. त्यांच्या घरी सिलिंडर आहे. मोठ्या भोकाच्या जेटवर एलपीजी सोडला तर ज्वाला हातभर उठते, पिवळी धूर ओकणारी. तेव्हा एलपीजीचे नवीन जेट आणून, कारागिराकडून घट्ट बसवून, पेटवून पाहून मगच त्यांना दिला. मोठी केलेली जुनी जेट मी डबीत ठेवली आहेत. नवीन लाइन घेणारं कुणी आलं की ती उजेडात धरून दाखवते, म्हणजे कारागीर ड्रिल काढेल तेव्हा त्याला कुठे थांबवायचं ते कळतं.