सांगलीतील रोपवाटिकेतून घेतलेली पहिली दोन ऑर्किड

गेल्या श्रावणात सांगलीतील एका रोपवाटिकेतून मी डेंड्रोबियम आणि फॅलेनॉप्सिस अशी दोन रोपे घेतली. डेंड्रोबियम जाळीदार कुंडीत, लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाच्या तुकड्यांत बसवलेले होते. त्याबद्दल तक्रार नाही, या दिवाळीपूर्वी त्याला नवा कोंबही आला. फॅलेनॉप्सिस मात्र फुलांनी लगडलेले असले, तरी त्याची मुळे ओल्याचिंब शेवाळात घट्ट दाबलेली होती. घरी कुंडी उपडी केल्यावर सहांपैकी चार मुळे तपकिरी व पोकळ निघाली. चिमटीत धरताच साल निसटून आतला दोरा तेवढा हाती राहिला.

ही झाडे निसर्गात दुसऱ्या झाडांच्या सालीला धरून वाढतात, त्यामुळे त्यांच्या मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, हे विक्रेत्याला ठाऊक असायला हवे होते. ‘ताई, रोज थोडं पाणी घालत जा,’ हा त्यांचा सल्ला तर झाड मारण्याचाच. मुळे रुपेरी दिसू लागली की पाणी द्यावे, हिरवी असेपर्यंत थांबावे.

चौकशी करताना ‘सीतेची वेणी’ हे रानटी ऑर्किडही जंगलातून आणून देण्याची तयारी दाखवण्यात आली, जी मला मुळीच आवडली नाही. नवशिक्यांनी येथून डेंड्रोबियम जरूर घ्यावे. फॅलेनॉप्सिस घ्यायचेच असेल, तर फुले बाजूला सारून आधी मुळे पाहावीत.