साधा थ्रेड की गोरूटीन?
लिनक्सचं कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, थ्रेड (प्रोग्राममधलं स्वतंत्रपणे चालणारं एक काम) आणि प्रोसेस (चालू असलेला प्रोग्राम) यांत फारसा भेद करत नाही. थ्रेड एकच मेमरी वाटून घेतात, एवढंच. टॉप ही चालू प्रोसेस दाखवणारी कमांड सुरू असताना कॅपिटल एच दाबा, एकेक थ्रेड वेगळ्या ओळीत दिसेल. एक थ्रेड डिस्कची वाट बघत अडकला तरी बाकीचे चालू राहतात. पण ६४-बिट एक्स८६ प्रोसेसरवर प्रत्येकामागे १६ केबीचा कर्नल स्टॅक (कामापुरती तात्पुरती मेमरी) लागतो, आणि एका थ्रेडवरून दुसऱ्यावर अदलाबदलीसाठी कर्नलमध्ये शिरणं आलंच.

गोरूटीन म्हणजे गो या प्रोग्रामिंग भाषेतला हलका थ्रेड; ती कर्नलला दिसतच नाही. ती २ केबी स्टॅकवर सुरू होते, अदलाबदल गोचा रनटाइम (प्रोग्रामसोबतच चालणारी गोची यंत्रणा) परस्पर उरकतो. हजारो नेटवर्क कनेक्शनं सांभाळायला हीच बरी. फाइल वाचताना मात्र खालचा खरा थ्रेडच अडकतो, मग रनटाइमला दुसरा जुंपावा लागतो. निव्वळ आकडेमोडीला, माझ्या मते, प्रोसेसरमध्ये जितके कोअर तितके साधे थ्रेड पुरे.