‘ठग’चा अमेरिकी प्रवास आणि ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’

इंग्रजी बातम्यांचे मराठीकरण करताना ‘थग’ या शब्दापाशी हमखास अडखळायला होते. शब्द मुळात आपल्याकडचाच, तेव्हा ‘ठग’ लिहून मोकळे व्हावे असा मोह होतो. पण दुकानदाराला मारहाण करून गल्ला पळवणारा माणूस मराठीत ठग नसतो, गुंड असतो. आपला ठक गोड बोलतो, विश्वास संपादन करतो आणि मग गंडवतो. ‘ठकास महाठक’ या म्हणीत मनगटाला काही कामच नाही. अमेरिकेत गेल्यावर या शब्दातली लबाडी नेमकी कुठे गळाली, हे पाहण्यासाठी मी ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा जुन्या वृत्तपत्रांचा संग्रह वापरला.

लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज यांच्या संयुक्त कार्यक्रमातून हा संग्रह उभा राहिला असून २००७ पासून तो सर्वांना खुला आहे. दोन कोटींहून अधिक पाने आहेत, शुल्क नाही, नोंदणीही लागत नाही. राज्य आणि कालखंड ठरवून शब्द शोधला की तो पानाच्या छायाचित्रावर ठळक करून दाखवला जातो, आणि माझ्या मते संग्रहाचे खरे मोल इथेच आहे, कारण शब्द कोणत्या रकान्यात, कोणत्या मथळ्याखाली आणि कोणत्या बातमीशेजारी बसला होता, हे कोशातल्या एका ओळीच्या अवतरणावरून कधीच कळत नाही.

शोध १८३० च्या दशकापासून सुरू करावा. हिंदुस्थानातल्या ठगांविरुद्ध ब्रिटिश अधिकारी विल्यम स्लीमनने चालवलेल्या मोहिमेचा हा काळ. प्रवाशांशी सलगी करून रुमालाने गळा आवळणारे हिंदुस्थानातले ठग ब्रिटिश वृत्तपत्रांतल्या मजकुरातून अमेरिकी वाचकांपर्यंत पोहोचले, तेव्हा शब्दात दगा आणि खून दोन्ही होते. १८५० च्या दशकात मात्र तो बाल्टिमोर आणि न्यू ऑर्लिन्सच्या निवडणुकांत उतरतो. परदेशातून आलेल्यांचा द्वेष करणाऱ्या ‘नो-नथिंग’ पक्षाच्या टोळ्या मतदारांना मतदान केंद्रावरून हुसकावून लावत, बाल्टिमोरमध्ये तर चांभाराची आरी टोचून. विरोधकांनी त्यांना ‘ठग’ म्हटले. दिवसाढवळ्या, चारचौघांत आरी टोचणाऱ्याला सलगी करण्याची गरजच नसते. माझ्या वाचनात लबाडी गळून पडली ती इथेच.

पुढे कामगारांच्या बाजूच्या लिखाणात हा शब्द मालकांच्या भाडोत्री रक्षकांना चिकटला. १८९२ च्या होमस्टेड पोलाद कारखान्यातल्या संपात आलेले पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीचे लोक आणि नंतर वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींवरचे बाल्डविन-फेल्ट्स या तशाच कंपनीचे लोक असेच ओळखले गेले. विसाव्या शतकात तो साध्या वाटमाऱ्यावर येऊन स्थिरावला. यात अर्थाइतकाच मथळ्यांचा हात असावा. अरुंद रकान्यात चार अक्षरी शब्द मिळाला तर कोणता उपसंपादक सोडेल?

वापरणाऱ्याने काही पथ्ये मात्र पाळावीत. छापील पानांचा मजकूर यंत्राने वाचलेला आहे, आणि झिजलेल्या खिळ्यांची, पुसट शाईची छपाई वाचताना यंत्र चुकते. ‘अशा रीतीने’ या अर्थाचा इंग्रजी ‘दस’ (thus) आणि ‘थग’ (thug) यांत रोमन लिपीत शेवटच्या एकाच अक्षराचा फरक, त्यामुळे मोठ्या आकड्याने हुरळून न जाता प्रत्येक पान डोळ्यांनी पाहावे. मोठ्या टीने लिहिलेला ‘थग’ आणि लहान टीने लिहिलेला ‘थग’ हा फरकही चित्रातच दिसतो, आणि या शब्दाच्या बाबतीत तो कळीचा आहे. कोणत्या दशकात शब्द किती वेळा आला याचे आलेख इथून काढण्याच्या भानगडीत तर पडूच नये, कारण राज्याराज्यांनी निवडलेली वृत्तपत्रे आणि वर्षे सारखी नाहीत. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ इथे नाही, उलट वॉशिंग्टनचे ‘इव्हनिंग स्टार’ मात्र थेट १९६० च्या दशकापर्यंत वाचता येते.

इतके सांभाळले तर अनुवादकाला, विशेषतः कोशात एकाच शब्दासमोर पाच अर्थ पाहून वैतागलेल्याला, हा संग्रह मी निःशंकपणे सुचवीन. माझ्यापुरता निर्णय झाला: विसाव्या शतकातल्या बातमीत ‘गुंड’. १८५० च्या दशकातल्या बाल्टिमोरच्या मजकुरात मात्र ‘ठग’च ठेवावा, कारण तिथे लिहिणाऱ्याला गळा आवळणाऱ्या हिंदुस्थानी टोळ्यांची आठवणच करून द्यायची होती.