कोर्टातला फुकटचा वकील : पाचपैकी चार तारे

फुकटचा वकील म्हणजे नुसता नावाचा, असं आमच्या गावात सगळेच म्हणतात. विधी सेवा समितीनं आम्हाला दिलेल्या मॅडम तशा नव्हत्या.

माझ्या भाच्याला आठवडी बाजारात पोलिसांनी काठीनं झोडपलं. मी आलुबोंड्याच्या गाडीवरून पाहत होते. ठाण्यात तक्रार घेईनात, म्हणून बहिणीनं कोर्टात खाजगी फिर्याद टाकली, अन् मी साक्षीदार. बाईमाणसाला उत्पन्न न पाहता वकील मिळतो; १९८७ च्या विधी सेवा कायद्यातच तसं आहे.

मॅडमनी आधी मारहाणीचं विचारलंच नाही. बल्ब कुठं होता? कढईपाशी तोंड कोणीकडं होतं? मधे कांद्याची पोती होती का? पुढच्या बाजाराला स्वतः आल्या, गाडीपासून कडुनिंबापर्यंत पावलं मोजली. आलुबोंडा खाल्ला, त्याचे पैसेही दिले.

मी म्हटलं, "धा-बारा काठ्या हाणल्या जी."

"मोजल्या का, काकू?"

"मोजाले कोण बसते?"

"मग मोजल्या नाहीत असंच सांगा. दवाखान्याच्या कागदावर तीनच वळ असले, तर समोरचा वकील तुमचे दहा धरून बसेल."

राग आला तेव्हा. ही बाई तिकडचीच निघाली, वाटलं.

मावशीची साक्ष कोण मानेल, ही मोठी धास्ती होती. त्यांनी सांगितलं, सुप्रीम कोर्टानं १९५३ मध्येच दलीप सिंग खटल्यात म्हटलंय की जवळचा नातेवाईक खऱ्या गुन्हेगाराला सोडून भलत्याला सहसा गोवत नाही. नुसत्या नात्यानं साक्ष खोटी ठरत नाही.

ठाण्यातल्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा, असा अर्जही त्यांनी लगेच टाकला. सुप्रीम कोर्टाच्या २ डिसेंबर २०२० च्या निकालाप्रमाणे ते शक्यतो १८ महिने, निदान वर्षभर तरी ठेवायचं असतं. बाजारातला मार त्यात कुठून दिसणार? पण पोरगा लंगडत आत गेला एवढं दिसलं, तरी माझ्या बयानाला आधार मिळतो.

एक तारा कापला तो ऑफिसचा. बसायला बाक नाही. वरून तिथला बाबू म्हणतो, "काहून पोलिसायच्या नादी लागता बाई?" पेशीच्या दिवशी धंदा बुडतो तो वेगळाच. शेजारचा संत्रेवालाही साक्षीदार होता. एका पेशीनंतर फिरकला नाही. त्याला तरी काय बोलावं, त्याला रोज त्याच रस्त्यावर हातगाडी लावायची आहे.

कोणाला जायचं असेल तर आधार कार्ड अन् दवाखान्याचा कागद सोबत न्या. १५१०० हा विधी सेवेचा फोन आहे. मी सरळ ऑफिसातच गेले होते.