‘वापरा की’ एवढंच लिहिलं होतं

आईचा रिपोर्ट घ्यायला पॅथॉलॉजी लॅबमध्ये थांबले होते. समोरच्या भिंतीवर नव्या वर्षाची दिनदर्शिका टांगलेली होती आणि जानेवारीच्या पानावर माझं इंद्रवज्र होतं, ढगांवर उमटणारं गोल रंगीत कडं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून मी टिपलेलं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘छायाचित्र’ आणि पुढे नाव. नाव माझं नव्हतं. ज्या माणसाला ती फाईल मी स्वतःच्या हाताने पाठवली होती, त्याचं होतं.

ट्रेकिंगच्या, रानफुलांच्या, पक्ष्यांच्या फेसबुक ग्रुपवर प्रेमाने फोटो टाकणारी माझ्यासारखी माणसं खूप आहेत. मला आला तो मेसेज त्यांनाही थोड्याफार फरकाने येतो, हे नंतर कळलं. म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या फोटोबद्दल सांगायला हवं. मी शाळेत भूगोल शिकवते. इंद्रवज्र म्हणजे गोल इंद्रधनुष्यासारखं कडं, हे कित्येक वर्षं फळ्यावर काढून दाखवलं, पण पाहिलं नव्हतं. कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य पाठीशी असतो आणि समोरच्या दरीत ढग भरलेले असले, तर आपली सावली त्या ढगांवर पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती रंगीत कडं उमटतं. एकोणिसाव्या शतकात साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याच गडावरून ते पाहून लिहून ठेवलं आहे. मला ते दिसायला चार पावसाळे जावे लागले. चौथ्या वर्षी सप्टेंबरात, सकाळी आठच्या सुमारास, दोनेक मिनिटं ढग स्थिर राहिले. मी अकरा फोटो काढले. हात थरथरत होते, त्यातले चार हललेले आले.

संध्याकाळी गडाच्या पायथ्याच्या पाचनईत उतरलो, जेवलो आणि परतताना गाडीतूनच त्यातला एक फोटो ग्रुपवर टाकला. त्याच्यासोबत गडाचे, वाटेवरच्या फुलांचे आणि आम्हाला भाकरी करून वाढणाऱ्या मावशींचेही. एकूण पंधरा.

दोन दिवसांनी त्या गृहस्थांचा मेसेज आला. ग्रुपवर त्यांची ऊठबस मोठी, गडांविषयी बोलणं आवेशाचं. ‘ताई, नमस्कार. तुमचा कोकणकडा बघून अंगावर काटा आला. आम्ही काही मित्र गडसंवर्धनासाठी दिनदर्शिका काढतोय. नफा नाही, सगळा पैसा गडावर. मूळ फाईल पाठवाल का? तुमचं नाव देऊच.’

मी उत्तर दिलं, ‘वापरा की! गडासाठी तर काहीही.’ आणि त्याच रात्री पंधराच्या पंधरा फोटो पूर्ण आकारात ड्राइव्हवर चढवून लिंक पाठवली.

मूळ फाईल का मागितली, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आता उत्तर माहीत आहे. फेसबुकवरून उतरवलेल्या फोटोची लांब बाजू सहसा फार तर २०४८ पिक्सेल असते. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे तो सात इंचांपलीकडे नीट छापता येत नाही. माझ्या कॅमेऱ्याची फाईल ६००० बाय ४००० ची, वीस इंचांपर्यंत सहज जाते. मूळ फाईल हवी असणाऱ्याला फोटो नुसता बघायचा नसतो, छापायचा असतो. तेव्हा काय छापणार, किती प्रती काढणार आणि विकणार का, हे त्याला तिथल्या तिथे विचारायलाच हवं.

लॅबमधून घरी येऊन शोध घेतला तर दिनदर्शिका हा त्यातला लहान भाग निघाला. ती अडीचशे रुपयांना विकली जात होती आणि मागे प्रायोजकांच्या जाहिराती होत्या. इंद्रवज्राच्या कॅनव्हास प्रिंट ऑनलाइन विकायला होत्या, लहान-मोठ्या तीन आकारांत. आणि मावशींचा फोटो, चुलीवर भाकरी भाजतानाचा, दुसऱ्याच तालुक्यातल्या एका रिसॉर्टच्या माहितीपत्रकावर होता. वर ठळक अक्षरांत ‘घरगुती चुलीवरचं जेवण’.

मी फोन केला. त्यांची उत्तरं क्रमाने सांगते, कारण तुम्हालाही हीच मिळतील. आधी म्हणाले, ग्रुपवर टाकला म्हणजे सार्वजनिकच झाला. मग म्हणाले, कॉपीराइट केलाय का, नोंदणी दाखवा. मग म्हणाले, तुम्हीच ‘वापरा’ म्हणालात, माझ्याकडे चॅट आहे. आणि शेवटी आवाज चढवून म्हणाले, ‘महाराजांच्या गडाच्या कामात तुम्ही पैशाचं बोलता?’

या शेवटच्या वाक्याने मी गप्प झाले. खरंच गप्प झाले, फोन ठेवला आणि आठ दिवस कुणाशी बोलले नाही. आपल्याकडे गडाचं नाव काढलं की माणूस हिशेब मागायला लाजतो, आणि ही लाज त्यांना पक्की ठाऊक होती. पुढे आम्ही काही जणांनी मिळून लेखी विचारलं, की पैसा कोणत्या गडावर लागला. हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तिथे दगड हलवायचा तरी वनखात्याला विचारावं लागतं, काम झालं असेल तर कागद असणारच. कागद आला नाही.

‘आम्ही’ म्हणते, कारण तोवर आणखी आठ जण पुढे आले होते. ग्रुपच्या ॲडमिननी ‘वाद नको, दोघांनी आपसात मिटवा’ म्हणून माझी पोस्ट उडवली, पण उडवायच्या आधी ती या आठ जणांनी वाचली होती. त्यातल्या सांगलीच्या एका कॉलेजच्या मुलाचं प्रकरण माझ्याहून वाईट. त्याने याच गृहस्थांच्या छायाचित्र स्पर्धेत दोनशे रुपये प्रवेश शुल्क भरून चाळीस फोटो दिले होते. प्रवेशिकेच्या मागच्या बाजूला एक ओळ होती, ‘सर्व हक्क कायमस्वरूपी आयोजकांकडे राहतील’, आणि खाली त्याची सही. स्पर्धेचा निकाल आजतागायत लागलेला नाही.

मैत्रिणीच्या ओळखीने एका वकील बाईंकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘याच्यापेक्षा मोठा फोटो तुमच्याकडे आहे?’ मला कळेना. त्या म्हणाल्या, चौकट मोठी असलेला फोटो. तेव्हा लक्षात आलं, की ड्राइव्हवर मी जेपेग चढवले होते. रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातून जशाच्या तशा आलेल्या, फाईल जड होत्या आणि घरचं इंटरनेट संथ, एवढंच कारण, शहाणपण नव्हे. त्या जेपेगमध्ये डावी बाजू मी थोडी कापली होती. लॅपटॉपवर रॉ फाईल उघडली. कापलेल्या पट्टीत शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीची सावली होती, रंगीत कड्याच्या बाहेर. आणि रंगांच्या बरोबर मधोमध माझी सावली, दोन्ही कोपरं बाहेर काढून कॅमेरा डोळ्याला लावलेली, डोक्यावर रुंद काठाची टोपी.

इंद्रवज्राचं एक वैशिष्ट्य आहे. ते ज्याचं त्यालाच दिसतं. शेजारी उभ्या माणसाला त्याच्या डोक्याभोवतीचं कडं दिसतं, आपल्याला आपल्या. म्हणजे फोटोत कड्याच्या मधोमध असते ती फोटो काढणाऱ्याचीच सावली. त्यांनी स्वतःचं नाव छापलं होतं आणि मधोमध मी उभी होते. अकरा फोटोंची मालिका, त्यातले हललेले चारही, वकील बाईंनी एका डिस्कवर घ्यायला लावले. ते चार मी फेकणार होते.

मग त्यांनी एकेक मुद्दा सोडवला. कॉपीराइट कायदा १९५७ चा. फोटो काढल्या क्षणी हक्क काढणाऱ्याचा होतो, नोंदणीची अट नाही. नोंदणी करता येते, पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण ती नसली म्हणून हक्क जात नाही. (पैसे घेऊन दुसऱ्यासाठी फोटो काढले असतील, लग्नाचे वगैरे, तर गोष्ट वेगळी, तिथे वेगळं काही ठरलेलं नसेल तर हक्क काम देणाऱ्याचा असतो.) २०१२ च्या दुरुस्तीपासून फोटोवरचा हक्कही हयातभर आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. ग्रुपवर टाकल्याने तो सार्वजनिक मालमत्ता होत नाही. फेसबुकच्या अटींत आपण परवाना देतो तो फेसबुकला, ग्रुपमधल्या माणसांना नव्हे.

माझं ‘वापरा की’ हे मात्र दुखणं होतं. वापराची परवानगी लेखी लागते, आणि चॅटवरचं वाक्यही लेखीच धरलं जाऊ शकतं. त्यांनी चष्मा वर सरकवून ते पुन्हा वाचलं आणि म्हणाल्या, ‘तुम्ही पुढे आणखी तीन शब्द लिहिलेत. गडासाठी तर काहीही.’ वरचा त्यांचा मेसेजही होताच, नफा नाही, नाव देऊ, दिनदर्शिका. परवानगी त्या कामापुरती. कॅनव्हास त्यात नाही, रिसॉर्ट त्यात नाही, आणि नाव तर माझंच. सहज लिहिलेल्या तीन शब्दांनी मला तारलं. सांगलीच्या मुलाने सही केली होती, त्याला तेवढा आधार नाही. तरी कलम ५७ प्रमाणे, हक्क लिहून दिले तरी निर्माता म्हणून स्वतःचं नाव सांगण्याचा अधिकार त्याच्याकडे राहतोच, म्हणून त्याच्याही वतीने नोटीस गेली.

फौजदारीची वाटही होती. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. दिवाणी दावा, समोरचा दुसऱ्या जिल्ह्यात असला तरी, आपण राहतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. वकील बाई म्हणाल्या, आधी नोटीस. ज्या संकेतस्थळावर कॅनव्हास विकले जात होते तिथे वेगळी लेखी तक्रार केली. २०१३ च्या नियमांप्रमाणे अशी तक्रार आली की त्यांनी ३६ तासांत फोटो उतरवायचा असतो, आणि २१ दिवसांत आपण कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते तो परत चढवू शकतात. हे २१ दिवस विसरू नका. आमच्यातला एक जण विसरला, त्याचा फोटो बाविसाव्या दिवशी परत विक्रीला होता.

आणि फोन जपा. मी त्याच महिन्यात फोन बदलणार होते. चॅटचे स्क्रीनशॉट घेतले होते, पण मूळ चॅट ज्या फोनवर आहे तो फोनच हवा, कारण मोबाईलवरच्या पुराव्याची प्रत कोर्टात द्यायची तर सोबत त्या मूळ फोनबद्दलचं प्रमाणपत्र लागतं, असं त्यांनी बजावलं. फोटोवर ‘साभार’ किंवा ‘सौजन्य : गूगल’ लिहिण्याची जी सवय पसरली आहे, तीही परवानगी नव्हे. गूगलने काही फोटो काढलेला नसतो. मी स्वतः विकिमीडिया कॉमन्स या मुक्त फोटोसंग्रहाच्या संकेतस्थळावर फुलांचे फोटो मुक्त परवान्याखाली दिले आहेत. ते कुणी विकले तरी माझी तक्रार नाही, नाव आणि परवाना लिहावा एवढीच अट. तिथे देताना मी अटी वाचून दिले होते. इथे मला काही न सांगता घेतले गेले.

नोटिशीनंतर दीड महिन्याने त्या गृहस्थांनी समझोता केला. कॅनव्हास उतरवले, ग्रुपवर चार ओळींची दुरुस्ती टाकली, मला पंधरा हजार दिले. दिनदर्शिका संपली होती, ती कुठल्या कुठल्या भिंतींवर लागलेली आहे ते कोण परत आणणार. रिसॉर्टवाल्यांनी फोटो त्यांच्याकडून पावती घेऊन विकत घेतला होता, म्हणजे तेही फसलेले. त्यांनी उरलेली माहितीपत्रकं माझ्याकडे पाठवून दिली.

ती घेऊन मी पाचनईला गेले. मावशींना ती आधीच माहीत होती. कुणी मुंबईचे लोक दाखवून गेले होते, तुम्ही तिकडे कामाला आहात का म्हणून विचारत होते. मावशी चिडल्या नव्हत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. मी त्यांना त्या दिवशी विचारलंच नव्हतं. भाकरी खाता खाता कॅमेरा काढला, दोनदा बटण दाबलं आणि रात्री ग्रुपवर टाकला. त्यांचा फोटो कुठे कुठे गेला, याची सुरुवात माझ्यापासून होती. हे मी त्यांना तसंच सांगितलं आणि पंधरा हजारांतले निम्मे पुढे केले. त्यांनी ते बराच वेळ तसेच राहू दिले, मग डब्याखाली सरकवले.

मी एक कागद लिहून नेला होता, साध्या मराठीत. हा फोटो मी कुठे दाखवणार, कुठे नाही, विकणार नाही, नाव लिहायचं की नाही. त्यांच्या सुनेने तो मोठ्याने वाचला. मावशी तव्यावरची भाकरी उलटत ऐकत होत्या. वाचून झाल्यावर म्हणाल्या, ‘यात अजून एक लिव्ह. जेवणाच्या जाहिरातीत माझा फोटो घालायचा, तर जेवण माझ्या हातचं पाहिजे.’

सुनेने पेन घेतलं आणि ती ओळ खाली लिहिली.